मेकॅनिकलची टाळी

"थांब, थांब," लिमये मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन, तू परत त्याच्यामागे गेलास."

मी तारांवर तळहात ठेवला. समोरच्या स्टुलावर बसलेल्या जुबेरनं वाजवणं थांबवून कपाळाला हात लावला.

"मी नाही गेलो, मॅडम. हात गेला."

"हात तुझाच ना?"

"ह्याचं आणि ह्याच्या हाताचं पटत नाही, मॅडम," जुबेर म्हणाला. "लई दिवस झाले."

फिजिक्सच्या लॅबमध्ये आम्ही तिघंच होतो. कॉलेज सुटून तास झाला होता. टेबलांवर ट्यूनिंग फोर्कची लाकडी खोकी, कोपऱ्यात कॉलेजचा एकमेव धड ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेल्या आमच्या दोन गिटारी. त्या ॲम्प्लिफायरसाठीच आम्ही इथं आलो होतो. आमचा जळला होता. त्याच्या महिनाभर आधी आमचा ड्रमर संजू टोणे मिरजेच्या एका ऑर्केस्ट्रात गेला होता, कारण तिथं त्याला रोज हिंदी गाणी आणि जेवण मिळत होतं. आता बँडमध्ये उरलो आम्ही दोघं. जुबेर मुजावर पुढे येऊन वाजवणारा आणि मी त्याच्यामागे साथ धरणारा. सांगलीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ड्रमशिवाय रॉक वाजवायचं म्हणजे कट नसलेली मिसळ खायला घालण्यासारखंच होतं.

आम्ही ॲम्प्लिफायर मागायला गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं होतं, "यंदा काय वाजवणार गॅदरिंगला?"

"काही नाही, मॅडम. ड्रम नाहीत."

त्यावर त्या उठल्या. मग कपाटातून चार पिवळे पडलेले कागद काढून आमच्यासमोर ठेवत म्हणाल्या, "हे ड्रमशिवाय वाजतं."

लिमये मॅडम आम्हाला ध्वनी आणि लहरी शिकवायच्या. सुती साडी, पायात रबरी चप्पल, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा खर्जातला आवाज. संशोधनासाठी त्या पाच वर्षं परदेशात होत्या हे माहीत होतं. पण तिथं त्या पियानो शिकल्या आणि स्वतः संगीतही लिहू लागल्या, हे आमच्या कानावर कधी आलं नव्हतं. कॉलेजात कोणालाच ते माहीत नसावं, कारण माहीत असतं तर पोरांनी त्यांना दुसरं नाव ठेवलं असतं.

रचना दिसायला पोरखेळ होती. बारा सुरांचा एक लहानसा तुकडा. दोघांनी तो एकत्र वाजवत राहायचं. मग एकानं जागेवरच राहायचं आणि दुसऱ्यानं वेग किंचित, अगदी किंचित वाढवायचा, म्हणजे त्याचा तुकडा हळूहळू एका सुरानं पुढे सरकेल. तिथं थोडं टेकायचं, परत सरकायचं. असं करत पुढचा माणूस पूर्ण फेरी मारून पहिल्याला पुन्हा येऊन मिळतो. बस्स. त्यात गाणं नाही, कडवं नाही, जुबेरच्या लाडक्या सोलोला जागा नाही.

"स्टँडवर दोन एसट्या उभ्या असतात बघा," मॅडमनी समजावलं होतं. "दोन्हींचे इंडिकेटर चालू. आधी दोन्ही एकदम लुकलुकतात. मग एक जरा पुढे जातो, आणखी पुढे, आणि बघता बघता परत दोन्ही एकदम. तेच हे."

"पण मॅडम, हे रॉक का क्लासिकल?" जुबेरनं विचारलं.

"तिकडेही हेच विचारायचे. एका जुन्या गोदामात कार्यक्रम व्हायचे. जमिनीवर बसायचं. तुमच्यासारखेच ॲम्प्लिफायर, कानठळ्या बसवणारे. वाजवणारे तिकडच्या संगीत विद्यालयात शिकलेले आणि माझ्या शेजारी बसलेली पोरं रॉक बँडमधली, खांद्याएवढे केस. वर्षानं त्या पोरांची रेकॉर्ड आली तर त्यात असेच तुकडे फिरताहेत. आणि ते शिकलेले लोक त्या रॉक बँडचा दणका आपल्या रचनांत आणायला लागले. कोणी कोणाचं घेतलं, देव जाणे. माझ्यापुरतं सांगते, कागदावर लिहिलं की क्लासिकल, ॲम्प्लिफायरला लावलं की रॉक."

जुबेरला हे उत्तर पटलं. मलाही पटलं. अडचण वेगळीच होती. जागेवर राहायचं काम माझं होतं आणि मला ते जमत नव्हतं.

ह्याचं कारण तीन माणसांत फक्त मलाच माहीत होतं. जुबेर पहिल्यापासून पळायचा. गाणं रंगात आलं की त्याचा वेग वाढायचा, आणि त्याला ते कळायचंही नाही. संजू ड्रमवरून शिव्या घालायचा. मी मात्र काही न बोलता जुबेरबरोबर पळायचो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की गाणंच तसं आहे. दोन वर्षं मी हेच केलं होतं आणि त्यात पटाईत झालो होतो. जुबेर सरकायला लागला की मी विचार करायच्या आत माझा उजवा हात त्याच्या जोडीला जाऊन पोचायचा.

शेवटी मी मॅडमना ते सांगितलं. त्या चष्मा पुसत ऐकत होत्या.

"म्हणजे तू चांगला माणूस आहेस, हीच अडचण आहे," त्या म्हणाल्या. "चार दिवस जरा वाईट हो. त्याला एकटं सोड."

"अभ्या," जुबेर म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला पळायची परवानगी दिलीय लेका, आणि तू पळू देईनास."

तो हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. आदल्या दिवशी लॅबमधून बाहेर पडल्यावर सायकलस्टँडपाशी त्यानं मला जे सांगितलं ते माझ्या डोक्यात होतं.

ते सांगायचं तर आधी आमच्या कॉलेजची टाळी सांगायला हवी. गॅदरिंगला नको असलेल्या कलाकाराला पळवून लावायची रीत प्रत्येक कॉलेजात असते. कुठं शिट्ट्या, कुठं हुर्यो, कुठं कागदी बाण. आमच्याकडे टाळी होती. मेकॅनिकलची पोरं मागच्या बाजूला एकगठ्ठा बसायची. त्यांचा म्होरक्या रणजित शिरोटे, आमच्याच वर्षातला, कबड्डीच्या टीमचा कॅप्टन, फावड्याएवढे हात. तो आधी एकटाच टाळी सुरू करायचा. सावकाश, एकसारखी. दोन-चार टाळ्यांत सगळं मेकॅनिकल त्याला मिळायचं, मग सिव्हिल, मग उरलेलं मैदान. हजारभर पोरांची एकच टाळी. गाणाऱ्याचे शब्द हरवायचे, नाचणारीचे पाय चुकायचे, आणि वेग वाढत वाढत शेवटी एकच कल्लोळ झाला की कलाकार आत पळायचा. प्रिन्सिपलना ह्यावर काही करता येत नव्हतं. टाळी वाजवणाऱ्या मुलावर कारवाई कशी करणार?

आदल्या वर्षी आम्हाला दुसऱ्या गाण्यातच त्या टाळीनं बाहेर काढलं होतं. संजू हसत हसत आत गेला. जुबेर मात्र स्टेजमागे बसून रडला होता.

"यंदा पळवून लावलं तर बास," त्यानं सायकलस्टँडपाशी सांगितलं. "गिटार विकून टाकतो. अब्बांना सांगून झालंय."

"अब्बा काय म्हणाले?"

"काही नाही. दुकानात त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली त्यांनी."

मिरजेच्या मार्केटात त्यांचं रंगाचं दुकान होतं. डबे, ब्रश, टर्पेंटाइन. तिथं बसण्यात काही वाईट नव्हतं. पण जुबेर वाजवायला लागला की त्याचा चेहरा कसा व्हायचा ते मी दोन वर्षं त्याच्याशेजारी उभा राहून बघितलं होतं. तो चेहरा डब्यांच्या रांगेपुढे मला आणता येईना. त्या रात्री मला धड झोप लागली नाही, हे मी आता मोकळेपणानं सांगू शकतो.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी शेवटची तालीम झाली. मी दोनदा जुबेरच्या मागे गेलो. मॅडमनी कागद गोळा केले.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी हे लिहिलं तेव्हा मलाही कोणाबरोबर वाजवायला जमलं नव्हतं. वाजवायला कोणी नव्हतंच म्हणा."

संध्याकाळी मैदान भरलं. पहिल्या रांगेत सोफे, त्यांवर प्रिन्सिपल, पाहुणे आणि त्यांच्या बायका. मागे खुर्च्या, त्यांच्यामागे सतरंज्या, आणि सगळ्यात मागे मेकॅनिकल. आमच्या आधी एक नक्कल झाली आणि एक लावणी. लावणीला शिट्ट्या मिळाल्या. निवेदिकेनं आमची नावं घेतली तेव्हा मागून एक आवाज आला, "आले रे आले, पळणारे आले!"

पडद्याच्या फटीतून जुबेर बाहेर बघत होता. अचानक तो मागे सरला.

"अब्बा आलेत."

मी बघितलं. पहिल्या रांगेच्या टोकाला, सोफ्याशेजारी घातलेल्या लोखंडी खुर्चीवर, पांढऱ्या सदऱ्यात, मांडीवर टोपी ठेवून अब्बा ताठ बसले होते.

"तू बोलावलंस?"

"येडा आहेस काय? पळवून लावताना बघायला बोलावू?" त्यानं पडद्याची फट मिटवली. "शेवटचं वाजवतोय म्हणालो होतो. म्हणून आले असतील."

आम्ही स्टेजवर गेलो, दोन स्टुलांवर बसलो आणि सुरू केलं.

पहिली दोन मिनिटं पोरं गप्प होती. आता गाणं सुरू होईल, मग सुरू होईल, असं त्यांना वाटत असावं. मग चुळबुळ सुरू झाली. "कॅसेट अडकली!" कोणीतरी ओरडलं. "पेन्सिल घाला, पेन्सिल!" हशा पिकला. पहिल्या रांगेत पाहुण्यांनी प्रिन्सिपलना काहीतरी विचारलं आणि प्रिन्सिपलनी खांदे उडवले. स्टेजच्या बाजूला लिमये मॅडम पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी जुबेरला मान हलवून खूण केली. सरक.

जुबेर सरकायला लागला, आणि माझा हात निघाला त्याच्यामागे.

तेवढ्यात टाळी आली.

आधी एकच. मग दहा-बारा. मग शंभर. रणजित शिरोटेची टाळी नेमकी माझ्या तुकड्यावर बसली होती, कारण त्यानं ती धरली तेव्हा आम्ही नुकतेच एकत्र होतो. जुबेरनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. संपलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. पण तो थांबला नाही.

हजार पोरांची टाळी, आणि ती टाळी नेहमीप्रमाणे पळायला लागली. जुबेर पुढे सरकत होता, टाळी त्याला मिळत होती, सगळं मैदान त्याच्याबरोबर निघालं होतं. मीही निघालोच असतो. पण समोरून, अगदी जवळून, दुसरीच एक टाळी ऐकू आली.

अब्बा टाळी देत होते.

टोपी डोक्यावर घालून, कोपरं बाहेर काढून, अर्धवट डोळे मिटून ते टाळी देत होते. उरुसात कव्वालीला बसलेली माणसं देतात तशी, पूर्ण तळहातांची, खणखणीत. त्यांना आमच्या कॉलेजची रीत कुठून ठाऊक असणार? मागची पोरं टाळी देताहेत हे त्यांनी ऐकलं, आणि त्यांना वाटलं की इथंही साथ करायची पद्धत आहे. मग मुलाचा बाप असून आपण नुसतं बसायचं, हे त्यांना बरं वाटलं नसावं.

आणि ते पळत नव्हते. मागचा कल्लोळ पुढे गेला तरी त्यांची टाळी होती तिथंच होती. त्यांची नजर जुबेरवर नव्हतीच, ती माझ्या उजव्या हातावर होती. कव्वालीत टाळीवाल्यानं गाणाऱ्याकडे बघायचं नसतं, ढोलकवाल्याकडे बघायचं, गाणारा काय कुठंही जातो, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

मी त्या टाळीला धरून बसलो. माझा हात परत आला. जुबेर गेला, पहिल्यांदा खराखुरा गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.

त्यानंतर जे झालं ते मी कितीही वेळा सांगितलं तरी मला कंटाळा येत नाही. अब्बांच्या शेजारच्या सोफ्यावरच्या बाईंना वाटलं, एवढे भारदस्त गृहस्थ टाळी देताहेत म्हणजे द्यायची असणार. त्यांनी दिली. मग त्यांच्या यजमानांनी, म्हणजे प्रमुख पाहुण्यांनी. पाहुणे देताहेत म्हटल्यावर प्रिन्सिपलना देणं भागच होतं. पहिल्या दोन रांगा अब्बांच्या टाळीला मिळाल्या. मागचं मैदान जुबेरच्या बाजूला आणि पुढच्या रांगा माझ्या बाजूला. दोन टाळ्या एकमेकींत घुसल्या. आधी घोड्याच्या टापांसारखा आवाज झाला, मग दोन्हींच्या मधोमध तिसराच एक ठेका ऐकू यायला लागला, जो कोणीच वाजवत नव्हतं. आमच्या गिटारींतूनही तसंच व्हायला लागलं. कागदावर नसलेल्या चाली वर यायच्या, थोडं थांबायच्या आणि विरायच्या.

मागची पोरं गोंधळली. पळवून लावायची टाळी कधी अशी फुटली नव्हती. रणजित शिरोटे उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून आपल्या लोकांना एका लयीत ठेवायला लागला. त्याला वाटलं, पुढच्या रांगा चुकताहेत. सिव्हिलच्या पोरांना वाटलं, मेकॅनिकल चुकतंय. ती अब्बांना मिळाली. चढाओढ लागली. हसणं थांबलं. आता सगळे कान देऊन टाळी देत होते, कारण जरा दुर्लक्ष झालं की समोरच्याची टाळी ओढून नेत होती. मला ते चांगलंच माहीत होतं.

जुबेर फेरी पूर्ण करत आला तेव्हा ते मैदानालाही कळलं. दोन टाळ्या जवळ येत होत्या. आणखी जवळ. मी मान वर करून जुबेरकडे बघितलं. त्याचा तो चेहरा होता. तो हसत होता, नाकावरून घाम ओघळत होता, आणि तो माझ्याकडे येत होता. शेवटच्या सुराइतकं अंतर राहिलं तेव्हा एका पोरीनं किंकाळी मारली. आणि मग आम्ही एकत्र आलो. दोन गिटारी आणि सगळं मैदान, एकच टाळी.

आम्ही थांबलो. मग जो आरडाओरडा झाला तो पुढे कितीतरी वेळ चालला. त्यात कोणीतरी "वन्स मोअर!" म्हणून ओरडलं. पाव तास तेच तर वाजवत होतो आम्ही.

स्टेजमागे मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. त्या रडत होत्या आणि चष्म्याच्या काचा पदरानं पुसत होत्या. "असं नव्हतं रे लिहिलं मी," त्या म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा फार साधं होतं."

मागच्या पायऱ्यांवरून अब्बा वर आले. त्यांनी आधी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जागचा हलला नाहीस बेटा. शाबास."

मग ते जुबेरकडे वळले. जुबेर मान खाली घालून उभा होता.

"काय पोरं आहेत रे तुमच्या कॉलेजात!" अब्बा म्हणाले. "नात्याची ना गोत्याची, आणि एवढा ताल धरला तुझ्यासाठी. आमच्याकडे कव्वालीत टाळीला माणसं शोधावी लागतात. जरा घाई करतात, पण मनानं सोनं."

जुबेरनं माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

त्याच वेळी रणजित शिरोटे दोघा-तिघांना घेऊन मागे आला. काय विचारायला आला होता कुणास ठाऊक. "ए मुजावर, असं काय केलंस रं? हात थांबंनातच," असं काहीतरी म्हणत तो आत घुसला आणि अब्बांना बघून जागीच थबकला. अब्बांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दिव्याच्या उजेडात उलटे केले. तळवे लालबुंद झाले होते.

"उभा राहून टाळी देत होतास तो तूच ना?"

"व्हय चाचा."

"माझ्या मुलासाठी हात लाल करून घेतलेस?"

रणजितनं जुबेरकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा एक दोस्त मागच्या मागे पसार झाला.

"राहवलं नाही, चाचा," रणजित शेवटी म्हणाला.

"पुढच्या वर्षी येशील ना? असाच? तुझी माणसं घेऊन?"

"हा वाजवणार असला तर येतो की."

आता सगळे जुबेरकडे बघत होते. मॅडमही, मीही. त्यानं गिटार अजून गळ्यातून काढली नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी ती पोटाशी धरली.

"वाजवणार की," जुबेर म्हणाला. "वाजवणार म्हणजे काय!"

तो अजूनही वाजवतो. मी सध्या माधवनगरात पंपांचे सुटे भाग बनवतो आणि रविवारी त्याच्या मागे साथ धरतो. पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगला रणजित शिरोटे खरंच आला. सगळं मेकॅनिकल मागं सोडून तो पहिल्या रांगेत अब्बांच्या शेजारी लोखंडी खुर्ची घालून बसला आणि त्यांनी कोपरानं ढोसलं की वेग कमी करत राहिला. अब्बा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकानात रंग घ्यायला येणाऱ्याला ते अजून सांगतात, माझ्या मुलानं पहिल्यांदा वाजवलं तेव्हा हजार पोरांनी हात लाल होईपर्यंत साथ केली. आम्ही कोणीही त्यांना कधी दुसरं काही सांगितलेलं नाही. रणजितनंही नाही, आणि तो तर आता दर ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा प्यायला जातो.